डोमिनिकन जेवण शोधताना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'परदेशातील अनुभव' हा विषय दिला आणि पंधरा मिनिटं दिली. जवळजवळ तीस वर्षांचं सगळं पंधरा मिनिटांत सांगायला गेले तर काहीच धड सांगून होणार नाही. म्हणून मी एकच गोष्ट घेते, जेवणाची. कालपासून मला निदान दहा जणांनी विचारलं, "तिकडे पुरणपोळी मिळते का गं?" मिळते. न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलात तर पापडापासून पोह्यांपर्यंत सगळं मिळतं. आमच्या घरातला अवघड प्रश्न तो नव्हताच. आमच्या घरातला प्रश्न होता, चांगलं डोमिनिकन जेवण कुठे मिळेल?

माझे यजमान डोमिनिकन रिपब्लिकचे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरी नकाशा काढून तो देश शोधावा लागला होता. काकांनी विचारलं, "वेस्ट इंडीज म्हणजे क्रिकेटवाले ना?" १९७१ साली गावसकरांनी आपल्या पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या, ते वेस्ट इंडीज काकांना तोंडपाठ. त्यांना सांगावं लागलं, की क्रिकेटमध्ये असतो तो डोमिनिका; ते वेगळं, छोटं बेट, तिथे इंग्रजी चालतं. हा डोमिनिकन रिपब्लिक. हिस्पॅनिओला बेटाचा पूर्वेकडचा मोठा भाग यांचा आणि पश्चिमेकडचा हैतीचा. राजधानी सांतो दोमिंगो, भाषा स्पॅनिश आणि खेळ बेसबॉल. काका जरा हिरमुसले.

मी १९९६ साली फिजिओथेरपिस्ट म्हणून न्यू यॉर्कला गेले. राहायला जागा मिळाली मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला, वॉशिंग्टन हाइट्स भागात. १९६१ साली डोमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा त्रुहियो मारला गेला, १९६५ साली तिथे यादवी झाली आणि अमेरिकेचं सैन्य उतरलं. त्या वर्षांपासून तिथली माणसं मोठ्या संख्येने न्यू यॉर्कला येऊ लागली आणि या भागात स्थिरावली. तिथल्या सेंट निकोलस अव्हेन्यूला डोमिनिकन राष्ट्रपित्याचं, हुआन पाब्लो दुआर्ते यांचं नावही दिलेलं आहे. रस्त्यावर स्पॅनिश गाणी, फुटपाथवर डॉमिनोचा डाव मांडून बसलेले म्हातारे, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर 'बोदेगा', म्हणजे आपलं किराणा दुकान. मला ते सगळं आपल्या बाजारपेठेसारखंच वाटायचं.

या लोकांचं रोजचं दुपारचं जेवण म्हणजे पांढरा भात, लाल घेवड्याची दाट आमटी, मटण किंवा कोंबडी, आणि बाजूला थोडी कोशिंबीर. या ताटाला ते 'ला बांदेरा' म्हणतात, म्हणजे 'झेंडा'. सकाळी 'मांगू': हिरवी, जून, मोठी केळी मिठाच्या पाण्यात उकडायची, थोडं पाणी आणि लोणी घालून घोटायची आणि वर व्हिनेगरमध्ये परतलेला लाल कांदा. त्याच्यासोबत तळलेलं चीज, तळलेली सलामी आणि अंडं. सुट्टीच्या दिवशी 'सांकोचो', म्हणजे कंद, केळी आणि मांस घालून तासन्‌तास शिजवलेला रस्सा. मोठा बेत असला तर त्यात सात प्रकारचं मांस घालतात. आणि हे सगळं अजिबात तिखट नसतं. आपल्या वऱ्हाडी जिभेला पहिले काही महिने सारखं वाटतं, की मीठमिरची कुणी विसरलं का? मग हळूहळू ओरेगानो, लसूण, कोथिंबीर आणि आंबट संत्र्याची चव ओळखता यायला लागते.

चांगली खानावळ कशी ओळखायची, हे मला यजमानांनी शिकवलं. पाटीवर 'कॅरिबियन' लिहिलंय म्हणून आत जायचं नाही. ती बहुतेक वेळा जमैकन निघते, आणि तेही चांगलं जेवण असतं, पण ते दुसरं. गिऱ्हाईक बघायचं. टॅक्सीवाले, बांधकामावरचे लोक, शेजारच्या केशकर्तनालयातली माणसं आत दिसली तर जायचं. जायचं ते दुपारी बारा-एकला, कारण भात-आमटी तेव्हाच ताजी असते. आणि यादीत नसलेली गोष्ट मागायची: "कोंकोन आहे का?" कोंकोन म्हणजे भाताची खरवड. जाड बुडाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात भात शिजवला की तळाशी तेलात खरपूस झालेला थर बसतो, तो खरवडून देतात. जिथे तो मिळतो तिथे भात खरोखर पातेल्यात शिजतो, यंत्रात नाही. ही परीक्षा न्यू यॉर्कमध्ये मला कायम उपयोगी पडली.

पुढे २००९ साली यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही आयोवा राज्यात गेलो, सीडर रॅपिड्स शहराजवळच्या एका गावात. नजर जाईल तिथवर मका आणि सोयाबीन. आपल्याकडच्या लोकांना सोयाबीन बघून घरच्यासारखं वाटेल, पण थंडी अशी की श्वास मिशीवर गोठतो. डोमिनिकन खानावळ एकही नाही. आम्ही दोघं कामाच्या धबडग्यात होतो, मुलगी लहान होती, आम्ही मिळेल ते खात होतो. तेव्हा ती चैन वाटायची, गरज नव्हे.

२०१२ साली माझे सासरे गेले आणि सासूबाई न्यू यॉर्कहून आमच्याकडे आल्या. जानेवारी महिना होता. सासूबाई मूळच्या मोका गावच्या. हा देशाच्या उत्तरेकडचा सिबाओ प्रदेश, केळीच्या बागांचा. तिकडे आईला 'मामी' म्हणतात, म्हणून घरात सगळे त्यांना मामीच म्हणायचे आणि मीही. आपल्या मामीशी त्याचा संबंध नाही, पण इथे फोनवर आईला समजावताना भलतीच गंमत व्हायची.

मामींचं जेवण तुटलं. ताटात घेतलेलं चिवडायच्या, "ग्रासियास, मिहा," म्हणजे "थँक्यू, माझ्या पोरी" म्हणायच्या आणि ताट बाजूला सारायच्या. कुरकुर नाही, तक्रार नाही. तीन महिन्यांत वजन सात किलोंनी उतरलं. मी दवाखान्यात रोज म्हातारी माणसं बघते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं वजन असं उतरलं की आधी पायातली ताकद जाते, मग एक दिवस तोल जातो, मग खुब्याचं हाड मोडतं. पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. डॉक्टरांनी प्रथिनांची पावडर दिली. मामींनी ती नम्रपणे पुन्हा कपाटात ठेवली.

एका रात्री मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. मी विचारलं, "मामी, लहानपणी आजारी पडलात की आई काय द्यायची?" त्यांनी मांगू सांगितला, कोंबडीचं सूप सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "या दिवसांत घरी मोरो दे ग्वांदुलेस असायचा." हा त्यांचा नाताळचा भात. ग्वांदुलेस नावाचे हिरवे दाणे, नारळाचं दूध आणि तांदूळ, सगळं एकाच पातेल्यात.

मग आम्ही शोधायला निघालो. मेक्सिकन दुकानात हिरवी मोठी केळी मिळाली. ही आपली राजेळी जातीची असतात, शिजवून खायची. आफ्रिकन माणसाच्या दुकानात युका आणि न्यामे हे कंद मिळाले. व्हिएतनामी बाईच्या दुकानात लांब पानांची, उग्र वासाची कोथिंबीर मिळाली. ती सांकोचोला लागते. एकाच देशाचं जेवण गोळा करायला तीन देशांची दुकानं. ग्वांदुलेस मात्र कुठेच नाही. एका ठिकाणी डबाबंद मिळाले, तर मामी म्हणाल्या, डब्याचा वास येतो.

शेवटी आपल्या गुजराती दुकानात तूरडाळ घ्यायला गेले होते, तिथल्या फ्रीजमध्ये उंधियूसाठीची पाकिटं होती. 'तुवेर लीलवा'. म्हणजे काय? आपले सोले! तुरीचे ओले, हिरवे दाणे. आत्ता या जानेवारीत तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी ते आले असतील, वांग्यात पडले असतील, सोलेभात झाला असेल. ग्वांदुलेस म्हणजे तूर, हे यजमानांना माहीत नव्हतं, कारण त्यांनी तूरडाळ फक्त फोडलेली, पिवळी पाहिली होती. मामींनी पाकीट फोडून दाणा दातांखाली चावला आणि पदर असता तर खोचलाच असता, अशा थाटात ओट्याशी उभ्या राहिल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला. आणि खरवड कुणाला, यावरून नातीशी भांडल्या.

पुढे मी याच्यावर बरंच वाचलं. तूर मूळची आपलीच. भारतातून ती आफ्रिकेत गेली आणि आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांच्या काळात कॅरिबियन बेटांवर पोचली. आपले भूगोलाचे सर पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते. सर, तुम्ही अक्षांश-रेखांश शिकवताना फळ्यावर कर्कवृत्त ओढायचात. आपला अमरावती जिल्हा साधारण २१ अंश उत्तरेला आणि मामींचं मोका १९ अंशांवर. दिवस लहान व्हायला लागले की तूर फुलोऱ्यावर येते. म्हणून आपल्याकडे जेव्हा सोले येतात, त्याच दिवसांत तिकडे ग्वांदुलेस येतात. म्हणून तो त्यांच्या नाताळचा भात. मध्ये अर्धी पृथ्वी आहे, पण शेतातला महिना एकच.

तिकडून इकडे आलेलंही पुष्कळ आहे. कोलंबस १४९२ साली भारत शोधत याच बेटावर उतरला, तेव्हा तिथे ताईनो लोक राहत होते. ते युका किसून, पिळून, तव्यावर कासाबे नावाची भाकरी करत. ती अजून होते, आणि २०२४च्या डिसेंबरात युनेस्कोने तिची परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. युका म्हणजे कोणता कंद? ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो. रताळ्याला ताईनो 'बटाटा' म्हणत. पोर्तुगिजांनी तो शब्द उचलला, आपल्याकडे आणला आणि आपण तो दुसऱ्याच कंदाला लावला. डोमिनिकन लोक आजही रताळ्यालाच बटाटा म्हणतात. शेंगदाणा आणि मिरची याही अमेरिकेतल्याच. म्हणजे आपली एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. तिच्यातलं काय काय समुद्र ओलांडून आलंय! मामींना मी एकदा ती करून दिली. साबुदाणा कशाचा, हे सांगितल्यावर त्या बराच वेळ दाणा चिमटीत धरून बघत होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या युकाचे तुम्ही मोती केलेत."

उलट त्यांचं केळं आपल्या बाजूचं. केळी आशियातली. १५१६ साली तोमास दे बेर्लांगा नावाच्या धर्मगुरूने ती कॅनरी बेटांवरून सांतो दोमिंगोला नेली. आज केळं हे त्या देशाचं अगदी स्वतःचं अन्न आहे. त्यांना कुणी म्हणेल का की हे तुमचं नाही?

सामान मिळालं, तरी दुसऱ्याच्या हातचं जेवण ही वेगळी भूक असते. रोज स्वतः रांधणाऱ्या बाईला तर ती फारच असते. तीही वाट सापडली. सीडर रॅपिड्सला बेसबॉलचा एक खालच्या श्रेणीचा संघ आहे. अमेरिकेतल्या अशा संघांत डोमिनिकन पोरं बरीच असतात, अठरा-वीस वर्षांची, इंग्रजी न येणारी, मोठ्या संघात निवड होईल या आशेवर आलेली. यजमान सामना बघायला गेले तेव्हा त्यांनी एका पोराला स्पॅनिशमध्ये सरळ विचारलं, "तू रविवारी कुठे जेवतोस?" त्याने केस कापणाऱ्या एका बाईचं नाव सांगितलं. ती डोमिनिकन. आठवडाभर केस कापायची आणि रविवारी घरी मोठं पातेलं चढवायची. ना पाटी, ना यादी. सकाळी फोन करून सांगायचं आणि दुपारी डबा घेऊन जायचा.

मामी आणि ती बाई, दोघींचं असं जमलं की विचारू नका. एका उन्हाळ्यात संघातली दोन पोरं रविवारी आमच्याकडे यायला लागली. डोमिनिकन घरात आल्यावर लहान माणूस आधी मोठ्यांना म्हणतो, "बेंदिसियोन," म्हणजे आशीर्वाद द्या, आणि मोठं माणूस म्हणतं, देव तुझं भलं करो. आपण वाकून नमस्कार करतो, तेच. ती सहा फुटी पोरं दारातच टोपी काढून आशीर्वाद मागायची, मामी तो द्यायच्या आणि मग म्हणायच्या, "हात धुऊन या." त्यांचं वजन हळूहळू भरून आलं. त्यांनी त्यानंतर आमच्याकडे सात वर्षं काढली. २०१९ साली त्या गेल्या, शेवटच्या महिन्यापर्यंत स्वतःच्या पायांवर चालत.

आता मुलगी मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स गावाजवळ नोकरी करते. एकेकाळी कापडगिरण्यांचं असलेलं ते गाव आता बरंचसं डोमिनिकन झालंय. तिला काही शोधावं लागत नाही, कोपऱ्यावर सगळं मिळतं. तरी ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत ती घरीच 'हाबिचुएलास कोन दुल्से' करते. लाल घेवडा शिजवून, वाटून, गाळून त्यात दूध, नारळाचं दूध, साखर, दालचिनी, लवंग, मनुका आणि रताळ्याचे तुकडे घालतात. घेवड्याची खीर म्हणा. ती एका घरापुरती करतच नाहीत. शेजारीपाजारी वाट्या जातात आणि त्यांच्या वाट्या आपल्याकडे येतात. मुलगी वाट्या वाटते आणि मला फोनवर कोणाकडून कोणती आली ते सांगते. आपण संक्रांतीला तिळगुळाचा हिशेब ठेवायचो तसा.

मित्रांनो, आज आपल्यातल्या किती जणांची मुलं जर्मनीत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. काल रात्री गप्पांत कळलं, दोघांच्या सुना आणि एकीचा जावई परक्या देशातले आहेत. ते पहिल्यांदा घरी येतील तेव्हा आपण त्यांना पुरणपोळी वाढणारच, वाढायलाच हवी. पण दुसऱ्या दिवशी त्यांना एक प्रश्न विचारा: "तू आजारी पडलास की तुझी आई काय करते?" पदार्थाचं नाव कळलं नाही तरी चालेल. त्यात काय पडतं ते विचारा, मग आपल्या बाजारात जा. निम्मं सामान आपल्या घरातच वेगळ्या नावाने ठेवलेलं असतं.

स्मरणिकेच्या संपादकांनी मोरोची कृती मागितली आहे, ती सांगून मी थांबते. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी सोले, एक वाटी नारळाचं दाट दूध. जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर बारीक चिरलेला कांदा, लसूण, ढोबळी मिरची आणि कोथिंबीर परता, ओरेगानो चिमूटभर, टोमॅटोची दाट पेस्ट एक चमचा. लाल भोपळ्याची एक फोड किसून घाला, तिने रस दाटतो. सोले घालून परता, नारळाचं दूध आणि दोन वाट्या पाणी घाला, सोले अर्धेकच्चे शिजू द्या. मग मीठ, मग धुतलेले तांदूळ. पाणी आटलं की वरून एक चमचा तेल सोडा, घट्ट झाकण ठेवा आणि अगदी मंद आचेवर वीस मिनिटं हात लावू नका. तळाला खरवड धरली पाहिजे. ती पाहुण्यांना वाढायची नसते, घरच्यांनी भांडून घ्यायची असते. उद्याच्या जेवणात आचारी मंडळींनी एक पातेलं मला द्यायचं कबूल केलंय. बाई आणि सरांनी पुढे बसावं, एवढीच विनंती.